गिरजामायचा खडा

माझ्यावर सर्वांत मोठे उपकार आहेत ते इंझोरीच्या गिरजामायचे. ती नात्याने आमची कोणी नाही. आई-बाबा ऊसतोडीला जात, तेव्हा शाळा बुडू नये म्हणून तिने मला आपल्या घरी ठेवून घेतलं. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी झालो, तो तिच्या भाकरीवर.

वावरात गेली की ती आधी कोरड्या विहिरीत खडा टाकते आणि काठावर कान देऊन उभी राहते. खडा खाली खडकावर वाजतो. "आज नाई," ती म्हणते. "पन जमीन आयकते, बापू. धरून ठेवते." ती विहीर खोदता खोदता तिचा नवरा गेला. तिथलं पाणी पाहिल्याशिवाय मरायचं नाही, असं तिने ठरवलं आहे.

यंदा उन्हाळ्यात आमची भूसर्वेक्षणाची तुकडी धातूच्या शोधात त्याच शिवारात आली. जमिनीत लोखंडी खुंट्या ठोकून वीज सोडायची आणि बंद केल्यावर ती किती वेळ रेंगाळते ते यंत्रावर पाहायचं, हे आमचं काम. नुसतं पाणी असेल तर ती लगेच विरते. धातूचे कण असले की रेंगाळते.

गिरजामायने सगळ्या तुकडीला पिठलं-भाकर खाऊ घातली. यंत्र पाणीच शोधतं, अशी तिची खात्री. आम्ही पाणी शोधत नाही, हे मी परोपरीने सांगितलं. ती हसली. "सायबानं मना केलं असन. नको सांगू. मले समजते."

विहिरीजवळ वीज बंद केली आणि आकडा खाली येईना. पुन्हा मोजलं, तसंच. आमच्या साहेबांनी आणखी खुंट्या मागवल्या. पोरांची बडबड थांबली. बांधावरून गिरजामाय विचारत होती, "काहून रे, सारे चूप झाले?"

दुसऱ्या दिवशी विहिरीजवळच्या खुंटीला हळद-कुंकू लागलं होतं, पुढ्यात फोडलेला नारळ. विहिरीच्या जागेची पूजा करतात, तशी. साहेबांनी जागेची खूण म्हणून त्या खुंटीचा फोटो काढला, कुंकवासकट. बोअरची गाडी आली की आपण सहीला तयारच आहोत, असं ती शेजाऱ्यांना सांगत होती. गाडी तर येणारच होती.

फोन ती स्पीकरवर ठेवते, सारी गल्ली ऐकते. चौथी शिकलेली आहे, वाचता येतं. म्हणून वाशीमला परतल्यावर मी तिला हे पत्र पाठवलं.

'गिरजामाय, पाया पडतो.

विहिरीपाशी आमाले दिसलं ते पाणी नाई, माय. खाली धातू असन. किती, ते खोल भोक पाडल्यावर समजन. गाडी येईन ते त्याच्यासाठी. तुले ते बोअरची वाटन. पाणी लागलं तरी ते थांबनार नाई. धातू लय निघाला तर खान होईन. मंग तुयं वावर राहनार नाई अन् विहीरबी.

तू म्हनत होती, जमीन धरून ठेवते. मी पायलं, धरून ठेवते.

लोक कागद घेऊन येतीन, गोड बोलतीन. मी रविवारी येतो. तोवर कोनी पेन पुढं केला, तर हात पदराखाली ठेव.'