पव्व्याची खोळ

भोजराज गेल्याची बातमी माझ्याकडे आली ती हसत हसत आली. एप्रिल संपत आला होता, सकाळचे साडेनऊ झाले असतील. सडक अर्जुनीतल्या माझ्या किराणा दुकानात मी छोट्या काट्यावर वेलची तोलत होतो. हिरामण नावाचं आमचं रोजचं गिऱ्हाईक मोटरसायकल लावून पायरी चढलं आणि म्हणालं, "तुमचा तो पळनारा दोस्त सकारी सकारीच पिऊन पडला जी. रोडच्या बाजूले, मोहाखाली. कमरेले पव्वा तसाच खोसून हाय." मी हसलो. खरंच हसलो, कारण आमच्यासाठी तो विनोद दोन वर्षं जुना होता. भोजराजच्या पव्व्यात दारू नसे, पाणी असे, आणि तो पव्वा त्याला मीच दिला होता. "अरे, पानी असते त्याच्यात," असं म्हणत मी पुडी बांधली, दोऱ्याला गाठ मारली आणि मग माझा हात थांबला. पडला? पळायला निघालेला भोजराज वाटेत बसतसुद्धा नसे. "तू त्याले उठवून पाह्यला का?" मी विचारलं. "कायले उठवू जी? बेवड्याच्या नादी कोन लागते?" किती वेळ झाला म्हटलं, तर म्हणाला, "असंन अर्धा घंटा." मी दुकान तसंच टाकून स्कूटर काढली. मोहाच्या झाडाखाली पोचलो तेव्हा तिथे त्याचा एक बूट होता फक्त…

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, ऊन लागलं, अंगात पाणीच उरलं नव्हतं, अर्धा तास आधी आणला असता तर काहीतरी करता आलं असतं. तो अर्धा तास मी अजून मोजतो आहे. सहा आठवडे झाले त्याला. आणि लोक मला सांगतात की भोजराज भाग्यवान, आवडीचं काम करता करता गेला. चव्वेचाळीसाव्या वर्षी, दारूडा समजून रस्त्याकडेला सोडलेल्या माणसाला भाग्यवान म्हणतात! पळणाऱ्यांच्या आमच्या ग्रुपवर हात जोडलेली शंभर चित्रं पडली. आता त्याच्या नावाने दौड ठेवायची टूम निघाली आहे, टी-शर्टवर त्याचा फोटो आणि खाली 'कमी सामान, मोठी जिद्द'. वर्तमानपत्राच्या पुरवणीसाठी हा लेख मागताना मला सांगण्यात आलं, जरा हृद्य असू द्या. मला हृद्य लिहिता येत नाही. मला राग आला आहे, हिरामणचा, त्या रस्त्याने गेलेल्या सगळ्यांचा, भोजराजचा, आणि ज्याचा सगळ्यात जास्त आला आहे त्याच्याकडे मी येतोच.

भोजराज टपाल वाटायचा. सहा-सात गावं त्याच्याकडे होती, आधी सायकलवर, मग मोटरसायकलवर. पळायला लागला तो पस्तिशीनंतर, शुगर निघेल या भीतीने, आणि मला ओढलं ते माझं पोट बघून. "सेठ, तू गल्ल्यावर बसून बसून तांदळाचा कट्टा होऊन राहिला बे," असं भर दुकानात गिऱ्हाइकांसमोर म्हणाला होता. मी दहा-बारा किलोमीटरवर थांबलो, तो वीस, पंचवीस, तीस असा वाढत गेला. त्याच्या मनात प्रतापगड होता, इतिहासातला नव्हे, आमच्या गोंदिया जिल्ह्यातला. सडक अर्जुनीहून निघायचं आणि गडाच्या पायथ्यापर्यंत न थांबता पळत जायचं, वर जाऊन महादेवाला आणि दर्ग्याला दोन्हीकडे हात जोडायचे, मग एसटीने परत. कुणी बोलावलं नव्हतं, बक्षीस नव्हतं. टपाल घेऊन आयुष्यभर दुसऱ्यांच्या पत्त्यावर गेलो, एकदा आपल्या पत्त्यावर जाऊ दे, असं म्हणायचा.

लांब पळणाऱ्याची खरी अडचण पाय नसतात, पाणी असतं. किती न्यायचं आणि कशातून न्यायचं. हातात बाटली धरली तर खांदा एका बाजूला ओढला जातो. गोंदियाच्या एका दुकानात आम्ही कमरेचा पट्टा बघितला, दोन बाजूंना दोन बाटल्या. दुकानदार म्हणाला, "भैया, बाहर सब यही पहनते हैं." भोजराजने तो बांधून दुकानातच उड्या मारल्या, बाटल्या ढुंगणावर आपटल्या, आणि तो म्हणाला, "भैया, ये तो पीछे से कोई मार रहा ऐसा लगता है." मी मग पाठीवरची बॅग मागवली, पिशवीत दीड लिटर पाणी, तोंडापर्यंत नळी, पुढे सतरा खिसे. ती घालून मी पहिल्यांदा त्याच्यासमोर गेलो तेव्हा तो रस्त्यावर बसून हसला. पोळ्याचा बैल, म्हणाला. मग गंभीर होऊन त्याने मला जे ऐकवलं ते त्याचं आवडतं भाषण होतं. "आमच्या वाडवडलांनी या मुलखात तलाव खोदले. गावोगावी पानी ठेवून गेले. अन् मी त्यांचा नातू पाठीवर पानी घेऊन पळू? गावाचा अपमान नाही का बे?"

भाषण सोडा, पण त्याचा हिशेब चुकीचा नव्हता. टपालामुळे त्याला प्रत्येक गावातली प्रत्येक हापशी ठाऊक होती, कुठली चार हात मारल्यावर येते, कुठलीला लोखंडाची चव आहे. हापशीवर पोटभर प्यायचं आणि पुढच्या हापशीपर्यंतचं तेवढं सोबत घ्यायचं. त्यासाठी हवी होती लहान, हलकी, न हलणारी बाटली. एके दिवशी दुकानामागच्या भंगारात पडलेला एकशेऐंशी मिलीचा प्लास्टिकचा चपटा पव्वा मी चेष्टेत त्याच्याकडे फेकला. "हे घे, तुझ्या मापाचं." त्याने तो सोड्याने धुतला, पाणी भरलं, चड्डीच्या इलॅस्टिकमध्ये पाठीशी खोचला आणि बसस्टँडपर्यंत पळून आला. पव्वा जागचा हलला नव्हता. कमरेच्या खळग्यात बसावा म्हणूनच जणू कंपनीने तो बनवला होता! एकच पथ्य होतं, अर्धा भरलेला असला की आतलं पाणी डचमळतं, म्हणून प्यायचं तर एकदम, भरायचं तर काठोकाठ. हजारोंचं सामान आम्ही बघितलं होतं आणि उत्तर भंगारात सापडलं. त्या दिवशी आम्हाला आमच्या अकलेचं फार कौतुक वाटलं.

छायावहिनींना, म्हणजे भोजराजच्या बायकोला, कौतुक वाटलं नाही. त्यांच्या माहेरी कुणीतरी जाऊन सांगितलं होतं की जावई कमरेला पव्वा लावून गावोगाव पळतो. त्यांची आई दोन दिवस जेवली नाही. वहिनी भांडल्या नाहीत. त्यांनी टपालाच्या जुन्या खाकी पिशवीचं कापड काढलं, पव्व्याच्या मापाची खोळ शिवली आणि तिच्यावर लाल दोऱ्याने, दुरून दिसेल एवढ्या मोठ्या अक्षरांत 'पाणी' असं भरलं. भोजराज ती खोळ चढवून पळू लागला. वर्षभर तशीच होती. लोक हसायचे, पण आता पाणी वाचून हसायचे.

यंदा मार्चमध्ये त्याने प्रतापगडाचं पक्कं केलं, आणि आम्ही दोघे वजनाच्या मागे लागलो. हे खूळ कसं चढतं ते पळणाऱ्यालाच कळेल. माझ्या वेलचीच्या काट्यावर आम्ही एकेक वस्तू ठेवायचो. मोबाईल घरी राहिला. किल्ल्या गेल्या. बनियनवरची पट्टी उसवली. एकदा तो पळून आला तेव्हा घामाने निथळत असलेली खोळ मी काढून काट्यावर टाकली, अडतीस ग्रॅम. "काढून टाक बे," मी म्हणालो, "फुकटचा भार." त्याने खोळ काट्यावरून उचलली. "छायाले वाईट वाटंन." "तिले कायले सांगतोस? जाताना माझ्या फाटकाले अडकव, येताना लावून घरी जा." त्याने माझ्याकडे पाहिलं, हसला आणि म्हणाला, "सेठ, तू तं गरिबाचा कोच हाय." त्या दिवसापासून पहाटे पाचला तो माझ्या फाटकाच्या सळीला खोळ अडकवून जायचा आणि परत येताना चढवून घरी. महिनाभर चाललं ते. नवरा-बायकोत लपवाछपवी लावून देणारा मी, आणि मला त्यात गंमत वाटत होती.

त्या शेवटच्या दिवशी माझा गुडघा सुजला होता, मी गेलो नाही. घराला लागूनच असलेलं दुकान उघडताना खोळ फाटकावर दिसली, उन्हाने कडक होईल म्हणून काढून काट्याखालच्या ड्रॉवरमध्ये टाकली. तिकडे भोजराज परतीला लागला होता. नंतर मी त्या रस्त्याने जाऊन एकेक हापशी पाहिली, म्हणून सांगू शकतो. परतीच्या दुसऱ्या गावातल्या हापशीचा दांडाच नव्हता. नळ आले म्हणून आदल्याच दिवशी काढून नेला होता, आणि नळाला पाणी पहाटे तासभर. म्हणजे गावात पाणी आलं आणि वाटसरूचं पाणी गेलं. हे करणाऱ्यांना कुणी जाब विचारणार नाही, कारण कागदावर त्यांनी सोय केली आहे. पण मी भोजराजलाही सोडणार नाही. पव्वा रिकामा, डोक्यावर ऊन, आणि भोवती टपालवाल्याला ओळखणारी चाळीस घरं होती. एका दारात उभं राहून पाणी मागायला काय झालं होतं? मला माहीत आहे काय झालं होतं. आमच्याकडे टपालवाल्याला नुसतं पाणी देऊन कुणी सोडत नाही. बसा म्हणतात, चहा ठेवतात, पोराच्या नोकरीचं पत्र आलं का विचारतात. त्याची वेळ मोडली असती, आणि प्रतापगडाच्या सरावात त्याला वेळ मोडायची नव्हती. पुढची हापशी सहा किलोमीटरवर. तो चारावर पडला. गाढवा, चहा प्यायचा होतास रे…

त्याला उचललं ते सायत्राबाईने. सत्तरीची बाई, निराधार योजनेचे पैसे तो तिच्या हातात नेऊन द्यायचा. हिरामणसारखे कितीजण तिथून गेले कोण जाणे, दोघांनी तर तिच्यादेखत गाडी हळू केली, पव्वा पाहिला आणि पुढे गेले. ती त्याच्याजवळ बसली, चेहरा ओळखला, कमरेचा पव्वा काढला, बूच उघडून हुंगला आणि रस्त्याच्या मधोमध आडवी उभी राहिली. ऑटोवाला म्हणाला, पिलेल्याला नेत नाही. तिने पव्वा त्याच्या नाकाखाली धरला. "हुंग! हुंगून सांग मले, कायचा वास येते!" हे तिनेच मला सांगितलं. शिकलेसवरलेले, गाडीवाले, हेल्मेटवाले सगळे डोळ्यांनी न्याय करून मोकळे झाले आणि नाक वापरायची अक्कल त्या एका म्हातारीला होती. हिरामण तेराव्याला आला होता. मी त्याची गचांडी धरली. तो रडायला लागला, म्हणाला, "त्याच्यावर पानी लिहून राहायचं जी, हरखेपी मी वाचो. त्या दिवशी नोहोतं. मले वाटलं, आज खरोखरची हाय." मी त्याला सोडलं. त्याच्यावर ओरडायला माझ्याजवळ तोंड उरलं नव्हतं.

आणि ही गोष्ट मी गेल्या आठवड्यापर्यंत कुणाला सांगितली नव्हती. दवाखान्यातून वहिनींना पव्वा मिळाला तो उघडा. त्यांना वाटलं, खोळ तिथेच रस्त्यात कुठेतरी गळून पडली. तेराव्यानंतर त्या सायत्राबाईला घेऊन त्या मोहाखाली शोधायला गेल्या. मग पुन्हा गेल्या. नालीत, बेशरमाच्या झुडपांत, पार शेताच्या धुऱ्यापर्यंत. मला म्हणाल्या, "भाऊजी, माह्या हाताची शिलाई कच्ची झाली असंन. ती निसटली म्हनून लोकायनं त्याईले दारूडा समजलं." त्या असं म्हणत होत्या आणि मी, त्यांच्या नवऱ्याचा जिवलग दोस्त, मान हलवत होतो! ड्रॉवर हाताशी होता. मला हा लेख लिहायला सांगितला गेला तेव्हा मी दोनदा लिहिला आणि दोन्ही वेळा त्यात खोळ नव्हती. दोन्ही फाडले. हा तिसरा खोळीसकट आहे. पुरवणीत छापून आलेलं वहिनींनी शेजाऱ्याकडून ऐकावं, हे काही मला झेपलं नसतं.

म्हणून गेल्या आठवड्यात एका सकाळी निरोप पाठवून त्यांना दुकानात बोलावलं. गिऱ्हाईक नव्हतं. मी ड्रॉवर उघडून खोळ त्यांच्यासमोर ठेवली आणि सगळं सांगितलं, फाटकाची सळीसुद्धा. त्यांनी खोळ उचलली, उलटी करून आतली शिलाई बघितली. एक टाका उसवला नव्हता. बराच वेळ त्या शिवणीवरून बोट फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, "तोला." मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "तोला म्हनते ना." मी काटा चालू केला, त्यांनी स्वतःच्या हाताने खोळ वर ठेवली. कोरडी होती, अकरा ग्रॅम भरली. त्या आकड्याकडे त्या बघत राहिल्या.

"भाऊजी," त्या म्हणाल्या, "तुम्हा दोघाईले इतलंच जड झालं होतं का?"

आणि खोळ काट्यावर तशीच ठेवून त्या पायऱ्या उतरून गेल्या. ती अजून तिथेच आहे. वेलची मी मोठ्या काट्यावर तोलतो, जरा कमीजास्त होते. गिऱ्हाईक विचारतात, हा लहान काटा बिघडला का जी? मी नाही म्हणतो.