पिकल्या केळ्याचा वास

मंगरूळपीरच्या बाजारात फय्याज बागवानाकडून केळी घ्यायची, तर केळ्यांसोबत त्याचं भाषणही घरी न्यावं लागायचं. फणी पिशवीत टाकता टाकता त्याचं तोंड चालू व्हायचं, "बाई, हे दोरीले टांगा. फ्रिजात ठेवू नोका. केळं म्हंजे गरम मुलखाचं लेकरू. थंडी लागली का जीव जाते त्याचा. वरून काळं, आतून गोटा, मंग ते पिकतच नाही. उद्या येऊन मले बोलू नोका." गिऱ्हाईक रोजचं असो की दर्ग्यावर आलेलं परगावचं, भाषणात सूट नव्हती. तहसिलीत शिपाई असलेल्या बेबीबाई तर पिशवी पुढं करतानाच म्हणायच्या, "मालूम आहे, फय्याजभाई, लेकराले थंडी लागते." तरी तो पुरतं म्हणायचाच.

हे भाषण त्याच्यापेक्षा झकास त्याची धाकटी पोरगी तूबा करायची. ओढणीचा गमछा करून खांद्यावर टाकायची, पोट पुढं काढायची, नाक दोनदा सूं सूं ओढायची आणि बारा वर्षांच्या गळ्यातून बापाचा घोगरा आवाज काढायची. आई अमिरुन्निसा हसू दाबायला दुपट्टा तोंडात धरायची. फय्याज म्हणायचा, "मी नाक इतकं नाही ओढत." आणि हे म्हणतानाही ओढायचा.

ओढणारच. त्याचा धंदाच नाकाचा होता. घरामागं एक बिनखिडकीची कोठडी होती. तिच्यात हिरवे घड रचायचे, मधे मधे दोन-चार पिवळीजर्द केळी ठेवायची, कोपऱ्यात भुशाची धुरी द्यायची आणि दाराच्या फटी ओल्या मातीनं बुजवायच्या. मग दार उघडून पाहणं नाही. फय्याज दाराशी उकिडवा बसायचा, एक फट बोटानं मोकळी करायचा, नाक लावायचा आणि सांगायचा, "कच्चं आहे," नाहीतर, "सकाळी निघते." बापाकडून घेतलेलं हे नाक तीस वर्षांत चुकलं नव्हतं.

थोरली नमरा अकरावीला सायन्सला गेली, तेव्हा तिनं पुस्तक उघडून बापाला समजावलं. "अब्बा, पिकल्या केळातून इथिलीन निघते. वायू आहे तो. झाडाचं संप्रेरक. कच्च्यांले तेच सांगते का आता पिका."

"तुमच्या पुस्तकात ते नाव असंन. आमी त्याले निरोप म्हन्तो. एकानं दिला का सारी कोठडी पिवळी."

निरोप हा शब्द त्याच्या कामी आला तो तूबाच्या आजारात. नऊ वर्षांची असताना पोरगी अचानक वाळायला लागली. घागरभर पाणी प्यायची आणि उठून मोरीत पळायची. वाशीमचे डॉक्टर फार बोलणारे नव्हते. एक वाक्य, मग घसा खाकरणं, मग दुसरं वाक्य. "पोटात एक ग्रंथी असते. हंम्. ती इन्सुलिन बनवते. हंम्. रक्तातली साखर आत घ्या, हे ते साऱ्या शरीराला सांगतं. हिची ग्रंथी ते बनवायचं थांबली."

"म्हंजे साखर दाराशी उभी," फय्याज म्हणाला, "आन आत निरोप द्याले कोनीच नाही."

डॉक्टर घसा न खाकरता म्हणाले, "अगदी तसंच. आता तो निरोप तुम्ही सुईनं पाठवायचा. रोज. जन्मभर."

घरी फ्रिज नव्हता. डॉक्टरांनी सांगितलं, मोठ्या मडक्यात ओली वाळू घाला, तिच्यात लहान मडकं बसवा, इन्सुलिनची बाटली त्यात ठेवा, एवढा गारवा पुरे. फय्याजनं मडकी आणली. वाळू ओली ठेवायचं काम तूबाचं. सुई टोचताना पोरगी कधी रडली नाही. "हंम्. निरोप पोचला. हंम्," असं डॉक्टरांच्या आवाजात म्हणायची. तीन वर्षं निरोप बरोबर पोचत राहिले.

यंदाच्या मे महिन्यात असं तापलं की गाडीवरची केळी दुपारपर्यंत मऊ पडू लागली. फय्याजनं एकदा लहान मडक्यात हात घालून पाहिला. हाताला ते कोमट लागलं. इतक्या किमती दवाईला, ज्या दवाईवर पोरीचा जीव चालतो तिला, हा गारवा कसा पुरायचा? दुसऱ्या दिवशी त्यानं हे शेजारच्या गाडीवाल्याला, फुलसिंग कुल्फीवाल्याला बोलून दाखवलं. फुलसिंगचं प्रत्येक वाक्य एकाच ठेसनावर थांबायचं.

"मडक्यात दवाई ठेवतेत काय, का नाही? माह्या पेटीत मिठाचा बरफ आहे, का नाही? कुल्फी त्यात गोटा होते, का नाही? मंग दवाई फस्क्लास राहीन, का नाही?"

फय्याजला ते पटलं. रोज सकाळी थर्माकोलच्या डब्यात मिठाचा बर्फ आणायचा आणि त्यात बाटली पुरायची, हे काम त्यानं स्वतःकडे घेतलं. केळ्याच्या फणीलाही तो इतकं जपत नसे.

"अब्बा, हे तं कुल्फीच झाली," बाटली हातात घेऊन तूबा म्हणाली.

"म्हंजे ताजी आहे."

त्यानं बाटली मुठीत धरून ऊब दिली. आतलं पुन्हा पाण्यासारखं झालं. तूबानं बाही वर केली आणि फुलसिंगच्या आवाजात म्हणाली, "दवाई फस्क्लास, का नाही?" सगळे हसले. फय्याजही हसला.

थोड्याच दिवसांत बोटातलं रक्त तपासायचं यंत्र मोठमोठे आकडे दाखवू लागलं. पोरगी पुन्हा पाण्याच्या घागरीपाशी दिसू लागली.

"अंग उतरून राह्यलं पोरीचं," अमिरुन्निसा म्हणाली. "दवाखान्यात नेऊन आना."

"गिऱ्हाइकाच्या लग्नाचा माल आहे कोठडीत. तो निघाला का नेतो." मग तो तूबाकडे वळला. "चोरून काही खाऊन राह्यली काय?"

"नाई, अब्बा."

"मंग साखर काहून वाढते? निरोप तं रोज चालला आहे."

नमरानं दोन थेंब जास्त टोचून पाहिलं. आकडा तसाच राहिला.

आणि एका सकाळी सुई टोचायला फय्याज तिच्यावर वाकला, तेव्हा त्याच्या नाकाला वास आला. पिकल्या केळ्याचा. साधा पिकलेला नाही, एक दिवस वर गेलेला, साल तपकिरी पडायला लागते तसा, गोड आणि जरासा आंबूस. तो तिच्या तोंडातून येत होता. फय्याजनं पुन्हा हुंगलं. मग कोठडीच्या दाराकडे पाहिलं.

"तूबा. केळं खाल्लं तू."

"नाई खाल्लं."

"माह्या नाकाले शिकवू नोको. तोंड उघड."

"कसम, अब्बा. हातबी नाही लावला."

"लग्नाच्या मालातलं?"

ती दाराबाहेर जाऊन ओकली. नुसतं पाणी पडलं. "पाह्य," फय्याज तिकडं न बघताच अमिरुन्निसाला म्हणाला, "पचलंबी नाही." कोठडीला त्यानं पहिल्यांदाच कुलूप लावलं. किल्ली बंडीच्या खिशात टाकली आणि बाजारात गेला. त्या दिवशी गिऱ्हाइकांना भाषण देताना त्याचा आवाज रोजच्यापेक्षा चढा होता.

दुपारी घरी आला, तर तूबा बाजेवर पडून श्वास घेत होती. लांब, खोल, धापा टाकल्यासारखा, कुणी पहिलवान आखाड्यातून आत्ताच आल्यासारखा. फय्याज तिच्या डोक्याशी उभा राहिला. त्याला वाटलं, ही सकाळचं उट्टं काढते.

"पुरे झाली नक्कल. कोनाची आहे हे?"

श्वास तसाच चालू राहिला.

"तूबा, बंद कर म्हन्तो ना."

तिनं डोळे थोडे उघडले. जीभ कोरडी होती, शब्द नीट निघाले नाहीत. "नक्कल... नाई, अब्बा."

अकोल्याच्या मोठ्या दवाखान्यात पोचेपर्यंत ती हाका मारूनही उठेनाशी झाली होती. तिथल्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या, भराभर बोलायच्या. नळ्या लावल्या, रक्त नेलं, मग बाहेर येऊन विचारलं, "इन्सुलिन कुठं ठेवत होता?"

त्या दिवसात फय्याजला खात्रीनं देता येईल असं हे पहिलं उत्तर होतं. "बर्फावर, म्याडम. मिठाच्या. कुल्फीसारखं जमून राह्याचं. एकदम थंड."

डॉक्टरीणबाईंचं भराभर बोलणं थांबलं.

मग त्यांनी सांगितलं. इन्सुलिन एकदा गोठलं की मरतं. परत पातळ होतं, पाण्यासारखं स्वच्छ दिसतं, पण त्यात काम करायची ताकद उरत नाही. इतके दिवस पोरीला जवळपास काहीच मिळालं नव्हतं. साखर रक्तात साचत गेली आणि शरीर मात्र उपाशी राहिलं. उपाशी शरीर चरबी जाळू लागलं. त्याचंच विष झालं. म्हणून तसा श्वास. तोंडाला पिकल्या फळासारखा वास येतो, तोही त्याचाच.

केळं निदान काळं तरी पडतं, असं फय्याजच्या मनात आलं. त्यानं विचारलं एवढंच, "म्हंजे तिनं खाल्लं नव्हतं."

"काय खाल्लं नव्हतं?"

"केळं."

"नाही. खाल्ल्यानं असा वास येत नाही."

आत जाऊ दिलं, तेव्हा तो तूबाच्या कानाशी वाकला. "तू नव्हतं खाल्लं, बेटा. मले समजलं. तू खरं बोलत होती." वास अजून होता. त्यानं पुन्हा सांगितलं, जरा मोठ्यानं. ज्या कानात पडलेला आवाज दुसऱ्या मिनिटाला तोंडातून परत यायचा, तिथून आता काही परत आलं नाही. नमरा मागं उभी होती. ती म्हणाली, "अब्बा, बस करा." त्यानं तिसऱ्यांदा सांगितलं.

दुसऱ्या दिवशी दुपार कलताना, असरच्या नमाजाआधी तूबा गेली.

घरी आल्यावर अनेक दिवस कोठडीचं कुलूप निघालं नाही. लग्नाचा माल आत सडला. बंद दारातून तो वास अंगणभर पसरला, एक दिवस वर गेलेला, मग दोन दिवस. अमिरुन्निसा म्हणाली, "फेका ना ते." फय्याज दाराशी उकिडवा बसून राहिला. शेवटी किल्ली नमरानं घेतली आणि कोठडी रिकामी केली. फुलसिंग भेटायला आला. उठताना म्हणाला, "मीच सांगतलं होतं तुले." 'का नाही' हे आपलं शेवटचं ठेसन त्यानं गाळलं.

दुसरा धंदा फय्याजला येत नव्हता. गाडी परत लागली. कोठडी परत भरली. सकाळी दार उघडलं की वास अंगावर येतो आणि तो तोंड फिरवून घड बाहेर काढतो. नाक अजून चुकत नाही. भाषण मात्र बंद झालं. बेबीबाई फणी घेतात, सवयीनं पिशवीचं तोंड उघडं धरून क्षणभर थांबतात, मग जातात.

मागच्या आठवड्यात नव्यानं बदलून आलेल्या एक शिक्षिका केळी घेऊन गेल्या आणि दुसऱ्या दिवशी ती परत घेऊन आल्या. बेबीबाई तिथंच होत्या.

"अहो, काय ही केळी? फ्रिजमध्ये ठेवली तर काळीठिक्कर झाली की. आतून कडक."

"फ्रिजात नाही ठेवत, बाई."

"मग हे काल सांगायचं ना. मला काय माहीत? तुम्हाला तर माहीत होतं."

"ओ म्याडम," बेबीबाई पुढं सरसावल्या. फय्याजनं हात आडवा केला.

"बराबर आहे त्यायचं," तो म्हणाला. "मले मालूम होतं."

काळी केळी त्यानं ठेवून घेतली आणि दुसरी फणी तोडून त्यांच्या पिशवीत टाकली.