बिनपाठीचा सम्राट

सम्राट अशोकाला पाठ नव्हती. हा शोध कुण्या इतिहासकाराचा नाही, माझा आहे, आणि तो मी शिलाई मशीनवर लावला!

त्या वर्षी आमच्या आरमोरीत बुद्धजयंतीच्या मिरवणुकीत अशोकाची झांकी काढायचं ठरलं आणि सम्राट म्हणून निवड झाली माझ्या बाबांची. बाबा एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर. इतकी वर्षं मिरवणुकीत त्यांच्या वाट्याला फक्त भोंग्याची बॅटरी यायची. बातमी कळताच ते आरशासमोर उभे राहून मिशा काळ्या करायला लागले. एवढे खूश ते माझ्या लग्नातही नव्हते! पोशाखाचं नियोजन अर्थातच मी ओढून घेतलं. मी शाळेत इतिहास शिकवते ना! (शिवणकामाचा अनुभव: उशीचे अभ्रे.)

"बाबा, त्या काळात राजे शिवलेलं घालतच नव्हते. धोतर अन् शेला, बस!"

"म्हंजे मी उघडा बसू? राजा म्हंजे मखमल पायजे!"

वैशाखातलं आमच्याकडचं ऊन आणि अंगात मखमल! राजा विहारापर्यंत पोचायच्या आधीच शिजला असता. मग माझं डोकं चाललं. राजा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर, सिंहासनाला टेकून बसणार. मग पाठ शिवायचीच कशाला? समोरून जरीकाठाची मखमल, मागे नुसत्या नाड्या. हवाच हवा!

"अन् हे उठले तं?" आईनं विचारलं.

"राजा उठत नसते, आई!"

बाबांना काही न सांगता मी मागून नाड्या बांधल्या आणि मिरवणूक दिमाखात निघाली. बाबा हात उंचावून आशीर्वाद देत होते, बाया ओवाळत होत्या. आणि विहार समोर दिसत असताना ट्रॅक्टरनं मान टाकली.

"इंजन गरम झालं जी," नामदेवभाऊ ड्रायव्हर म्हणाले. "आता नाई हालत."

"सम्राट, उतरा! पायी चला!" लोक ओरडले.

बाबा रुबाबात उतरलेसुद्धा! मागून दिसत होतं त्यांचं जुनं बनियन, ज्यात कापडापेक्षा भोकं जास्त होती. मी छत्री उघडून धावले आणि त्यांच्या पाठीशी आडवी धरली.

"काऊन चिकटून चालून राह्यली, पोरी?"

"छत्र आहे, बाबा! राजाले छत्र लागते!"

"छत्र डोक्यावर धरतेत!"

शेवटी कानात सांगावंच लागलं, "बाबा, मागं पाठ नाई. बनियन दिसते."

त्यांचा चेहरा खर्रकन उतरला. तरी ते ताठ मानेनं चालत राहिले. मला रडू यायचंच बाकी होतं. एवढ्या वर्षांनी माणूस राजा झाला आणि मी त्याचं हसं करायला निघाले होते!

विहारात चपला बाहेर, छत्री बंद. आता बुद्धमूर्तीसमोर वंदन करायचं, म्हणजे अख्ख्या वॉर्डाकडे पाठ करायची! आणि तेही एकदा वाकून भागत नाही, तीनदा वाकावं लागतं. बाबांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, हात जोडले आणि गुडघे टेकले. मागे कुणीतरी फिसकन हसलं.

तेवढ्यात वॉर्डातल्या सगळ्यात म्हाताऱ्या शेवंताबाई कडाडल्या, "हासता काऊन रे? राजानं सारं दान करून टाकलं! पाठीवरचं कापडबी नाई ठेवलं!"

मग सगळं विहार दुमदुमलं, "साधु! साधु! साधु!"

बाबा उठले तेव्हा त्यांचे डोळे भरले होते आणि मिशीचा रंग घामानं हनुवटीवर आला होता. समितीचे अध्यक्ष मला म्हणाले, "का अभ्यास आहे जी, मॅडम, तुमचा!" मी नम्रपणे मान खाली घातली. (वर करायची हिंमत कुठे होती?)

"माझी पोरगी हाय!" बाबांनी सगळ्यांना ऐकवलं. तेव्हा मात्र मी खरंच रडले.

यंदाही अशोक बाबाच, आणि पोशाख मीच करायचा असा समितीचा आग्रह आहे. मी मापाची टेप शोधत होते, तेवढ्यात बसस्टँडजवळच्या टेलरभाऊंचा फोन आला.

"मॅडम, तुमचे बाबा कापड देऊन गेले. तुमाले सांगू नका म्हने. पन एक इचारतो, समोरचं कसंबी चालन, पाठ मातर डबल शिवा, असं काऊन म्हनते जी ते?"