राजपालचा अंगठा

नळदुर्गला हायवेच्या कडेला ट्रकचे पंक्चर काढणाऱ्या राजपाल बनसोडेचं वय कागदावर सदतीस होतं, गुडघ्याचं मात्र साठीच्या पुढं गेलेलं. तरी जिल्ह्याच्या कबड्डी संघाच्या निवडीची तारीख जाहीर झाली की गड्याला आठ दिवस धड जेवण जायचं नाही. चौदा वर्षं डावा कोपरा त्याचा होता. चढाईला आलेला गडी त्या बाजूला शिरला की घोटा धरून आडवा पाडायचा, एवढंच काम, पण ते त्याच्यासारखं कुणी केलं नव्हतं.

यंदा त्याच्या बायकोनं, नंदानं, डबा भरता भरता विचारलं, "हात दाखवून अवलक्षण कशाला करून घेता? मागल्या साली बी लंगडतच आलता."

"एवढं एकच साल," तो म्हणाला. हे तो तीन सालांपासून म्हणत होता.

एसटीत त्यानं बुटाची नाडी चारदा सोडून बांधली. धाराशिवला मैदानावर पोचल्यावर पाणी प्यायला, परत गेला, परत प्यायला. निवड करायला आण्णासाहेब खुर्ची टाकून बसले होते. त्याला घोटा धरायला शिकवलेलं त्यांनीच. तो पाया पडला तर आण्णांनी तोंडाकडं न बघता गुडघ्याकडं बघितलं.

पहिल्या डावात कोपरा त्याला मिळाला. गडी कुठं वळणार हे त्याला आधीच कळायचं; कळून उपयोग काय, पाय उचलेपर्यंत गडी मधली रेषा ओलांडून हसत उभा. तीन चढाया झाल्या, पकड एक नाही.

दुसऱ्या डावाला आण्णांनी कोपऱ्यात बेंबळीचा कुलदीप घातला. बावीस वर्षांचा, हरणासारखा पळणारा. राजपालला त्याच्या शेजारी उभं केलं. बचावाला दोघं हात धरून उभे राहतात, आणि आण्णांच्या गड्यांची एक रीत होती. कोपऱ्याची नजर चढाईच्या गड्याच्या पायावर, शेजारच्याची त्याच्या छातीवर. छाती वळली की शेजारच्यानं कोपऱ्याच्या तळव्यावर अंगठा दाबायचा आणि कोपऱ्यानं विचार न करता घुसायचं.

चढाईचा गडी आत आला. त्याची छाती वळली. हाच क्षण, राजपालला लख्ख दिसलं. आणि त्याच्या मनात आलं, हे पोरगं माझ्या जागेवर उभं आहे. अंगठा गप राहिला. कुलदीप वाट बघत राहिला, आणि गडी त्याला शिवून परत गेला.

निवडीचा डाव, त्यामुळं बाद झालेला कुलदीप लगेच परत येऊन उभा राहिला आणि त्यानं पुन्हा भरवशानं हात पुढं केला. राजपालला स्वतःच्या घामट तळव्याची लाज वाटली. पुढच्या चढाईला अंगठा आपसूक दाबला गेला; जित्याची खोड ती. कुलदीप घुसला, घोटा धरला, गडी आडवा. लागोपाठ तीन पकडी झाल्या. सगळं मैदान कुलदीपसाठी टाळ्या वाजवत होतं.

दुपारी नावं वाचली. कुलदीपचं होतं. राजपाल शेवटच्या नावापर्यंत थांबला, त्याचं आलं नाही; मग गर्दी पांगल्यावर आण्णांकडं गेला.

"पाय संपला का आण्णा माझा?"

"पाय दोन सालं झाली संपून. मला काय ठाऊक न्हाय व्हय?" आण्णा कागदाची घडी घालत म्हणाले. "पळायला पोरं लई हायती. शेजारची जागा म्या तुझ्यासाठी धरली होती. पहिल्या चढाईला अंगठा का दाबला न्हाईस?"

राजपालनं मूठ मिटून अंगठा आत दडवला.

"नंतर तीनदा दाबलास, ते बी बघितलं. पण पहिल्यांदा ते लेकरू तुझ्यावर इसंबून हुतं रं." आण्णांनी कागद खिशात घातला. ते उठून गेले.

बसस्टँडवर नळदुर्गची गाडी लागायची होती. राजपालला बसवेना, उभंही राहवेना. तेवढ्यात कुलदीप धावत आला आणि वाकून पाया पडला.

"दादा, तुमच्यामुळं झालं सगळं. पहिल्या चढाईला माझंच ध्यान न्हवतं. तुमी दाबलेलं मला कळलंच न्हाय. आण्णांनी इचारलं तर तसंच सांगणार हाय म्या."

ऐकून घेतलं असतं तर कुणाचं काही बिघडणार नव्हतं. उलट, आण्णांनी ते मानलं असतं तर त्याचं भलंच झालं असतं. राजपालनं त्याचा हात हातात घेतला, जसा मैदानावर घेतला होता तसाच.

"म्या दाबलाच न्हवता," तो म्हणाला.

कुलदीप त्याच्याकडं बघत राहिला. गाडी लागली, लोक दाराशी रेटारेटी करू लागले, पण पोरानं हात सोडवून घेतला नाही.