बाचा कवडसा

लोक उंटावरून शेळ्या हाकतात. आमचा बा खाटेवरून रेडा हाकायचा. नारळ काढताना तो माडावरून पडला आणि त्याचे पाय गेले ते गेलेच. मी तेव्हा पंधरा वर्षांची होते. गिरीजमधली आमची वाडी, केळी, पानवेल, थोडी भाजी, विहिरीवरचा रहाट आणि तो ओढणारा एक आळशी रेडा, हे सगळं एका दिवसात आयच्या आणि माझ्या गळ्यात पडलं. थोरला मुलगा असता तर बरं झालं असतं, असं लोक येऊन सांगून जायचे. मुलगा नव्हता. मी होते, आणि राग कायम माझ्या नाकावर असायचा.

बाची खाट माजघरात होती. त्या खोलीला खिडकी नव्हती. छपराच्या दक्षिणेकडच्या उतारावर मंगलोरी कौलांमध्ये एक काचेचं कौल होतं, तेवढाच काय तो उजेड. त्यातून उन्हाचा कवडसा खाली पडायचा. सकाळी तो पश्चिमेच्या भिंतीवर क्रुसाखाली दिसायचा, मग भिंतीलगतच्या लाकडी पेटीवर उतरायचा, तिथून जमिनीवर, दुपारी खाटेच्या पायाशी, आणि दिवस कलला की जात्यावरून चढून दाराकडे निघून जायचा. आय चुलीवर बोंबील भाजायला लागली की धूर माजघरात यायचा आणि त्या उन्हाच्या तिरप्या खांबातून निळा निळा होऊन हळूहळू वर चढायचा. आजही डोळे मिटले की आधी तो धूर दिसतो, घर नंतर दिसतं.

आमच्या घरी घड्याळ नव्हतं. देवळाची, म्हणजे आमच्या चर्चची, घंटा दिवसातून तीनदा वाजायची, पण ती सगळ्या गावाची. कवडसा मात्र बाचा एकट्याचा होता. तो क्रुसाखाली आला की बा हाक मारायचा, "रेडा जुंपलास का गं?" पेटीच्या कडीवर आला की, "पानी पानवेलीत सोड." जात्याशी आला की, "केळीचं आळं बघितलंस? नुसती बघून येऊ नको, हात घाल मातीत." थंडीत कवडसा उत्तरेकडे सरकायचा, उन्हाळ्यात परत यायचा, तो फरकसुद्धा बा मनातल्या मनात धरायचा. पावसाळ्यात कवडसा नसायचा, पण तेव्हा वाडीला पाणीही घालायचं नसायचं. (आमची घरची बोली वेगळी आहे. इथं लिहिताना ती थोडी सरळ केली आहे, बाला ते आवडलं नसतं.)

मला राग यायचा. खरं सांगते, फार यायचा. रहाटामागे फिरून फिरून डोकं गरगरलेलं असायचं, घटका दोन घटका विहिरीच्या कठड्यावर बसावं म्हटलं की आतून हाक आलीच. मी पुटपुटायचे, "जळला मेला तो कवडसा." आय ऐकायची आणि म्हणायची, "बोलू नये गं असं, तथास्तु म्हणणारे फिरत असतात."

दुसरी मोठी लढाई संपून वर्ष झालं असेल-नसेल, त्या साली ईस्टरच्या आधीच्या उपासांत ते वादळ आलं. दुपारचे चार वाजले असतील. मी रहाटावर होते. तुंगाराच्या डोंगरावर आभाळ काळं नव्हे, हिरवट झालं. रेडा थांबला. तो थांबायचा नेहमीच, पण या वेळी मान खाली घालून थांबला. वारा पडला, केळीचं पान हलेना, आणि त्या शांततेत विहिरीत टपकन् काहीतरी पडलं. मला वाटलं सुपारी पडली. मग दुसरं पडलं, तिसरं पडलं, आणि नंतर मोजायची सोयच राहिली नाही. आमच्याकडे गारा कधी पडत नाहीत. मी आयुष्यात पहिल्यांदा बघत होते, आणि क्षणभर वेड्यासारखी हात पसरून उभी राहिले. एक खांद्यावर बसली तेव्हा शुद्धीवर आले आणि रेड्याला सोडून घराकडे धावले.

माजघरात बघते तर आय पितळेची परात बाच्या डोक्यावर धरून उभी, कौलं फुटून वरून गारा येतायत, परात घणघण वाजतेय, आणि बा तिच्याखालून ओरडतोय, "माझं डोकं काय झाकता? पानवेल झाका! अगं, रेडा कुठाय?" आम्ही दोघींनी खाट ओढत तुळईखाली नेली. तेवढ्यात काचेचं कौल गेलं. आवाज मोठा नव्हता. परातीच्या घणघणाटात तो कुणाला ऐकूही आला नसता. पण बाने ऐकला. त्याने मान वर केली आणि बोलायचा थांबला.

वादळ अर्ध्या तासात गेलं. मागून ऊन आलं, आणि ते फुटलेल्या कौलांतून शंभर ठिकाणांहून घरात उतरलं. सबंध माजघर लखलखत होतं. जमिनीवर गारा पसरलेल्या, त्यांत काचेचे तुकडे, आणि कुठली गार, कुठली काच काही कळेना. आम्ही पाय उचलायला घाबरत होतो. तिघंही नुसते बघत राहिलो. इतकं सुंदर आमचं घर मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही. मग गारा हळूहळू विरघळल्या आणि उरली ती काच आयने सुपात भरली.

बाहेर केळीच्या पानांच्या चिंध्या झाल्या होत्या, रेडा रहाटाशी तसाच उभा होता. पण आधी छप्पर. बाचा धाकटा भाऊ, माझा काका, शेजारच्या वाडीत राहायचा. गावात कौलं चढवण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. ज्याच्या त्याच्या घरी मोडतोड झालेली, तरी प्रत्येकाने आपल्या परसातली ठेवणीतली कौलं काढली. कुणी चार दिली, कुणी दहा. तीन दिवस काका वर आणि मी शिडीवर, खालून आय कौलं देतेय, असं चाललं. तिसऱ्या दिवशी काका त्या रिकाम्या जागेपाशी आला आणि वरून म्हणाला, "काचेचं कौल बाजारात औषधालाही नाही. माझ्या घरातलं एक वाचलंय. ते आणून बसवू?"

मी शिडीवर होते. कंबर दुखत होती, हात कौलांच्या कडांनी सोलले होते. त्या चौकोनी भोकातून खाली बघितलं, तर ऊन नेमकं पेटीच्या कडीवर. आता हाक येणार, असं वाटलं, आणि मी म्हटलं, "नको काका. काच परत फुटेल, गळत बसेल. साधंच बसव."

काकाने माझ्याकडे एकदा बघितलं. मग साधं कौल बसवलं. खाली माजघर विझल्यासारखं झालं.

पहिले काही दिवस मला फार मोकळं वाटलं, ते लपवत नाही. वाडीत माझी मी कामं करत होते. काम झालं की पाटात पाय सोडून बसत होते. पाणी पायांवरून वाहत पानवेलीकडे जायचं, फाटक्या केळींमधून नवीन पानांच्या सुरळ्या वर येत होत्या, पलीकडून कुणाच्या तरी रहाटाची कुरकुर यायची आणि मला बसल्या बसल्या डुलकी लागायची. कुणी हाक मारत नव्हतं. किती वेळ गेला हे मला ठाऊक नसायचं, आणि त्यातच सगळी मजा होती.

बा सुरुवातीला विचारायचा, "दिवस कुठवर आला?" आय सांगायची. मग तो विचारेनासा झाला. दुपारची घंटा झाली की कपाळा-छातीवर क्रूस करायचा आणि तोंड भिंतीकडे फिरवायचा. दाढी करून घेईना. जेवण पुढे ठेवलं तर म्हणायचा, "हे सकाळचं की रात्रीचं?" थट्टेने नव्हे. आयने एकदा दिवा लावून ठेवला, तर म्हणाला, "तेल कशाला जाळतेस? दिव्याला कुठं चालता येतं?"

ईस्टर होऊन गेला. एके दिवशी मी त्याला पाणी द्यायला गेले. उन्हातून आत आलेली, अंधारात खाट दिसेना. चाचपडत तांब्या पुढे केला. त्याने घेतला, प्यायला, आणि अगदी साध्या आवाजात म्हणाला, "तू काकाला नको म्हनालीस ते ऐकलं मी."

कौलं उघडी होती तेव्हा. वरचं बोलणं सरळ खाली पडत होतं. मला ते सुचलंच नव्हतं.

"बरं केलंस," बा म्हणाला. "तुलाही विसावा पायजे. खाटेवर पडून माणूस किती बोलतो, ते त्याला कळत नाय."

त्याने शिव्या घातल्या असत्या तर मी उलट बोलले असते. तेवढी तयारी माझी नेहमीच असायची. मी तांब्या घेऊन बाहेर आले आणि विहिरीमागे जाऊन ढसाढसा रडले. पोरी, तू काय केलंस हे, असं स्वतःलाच म्हणत होते. पडल्यापासून त्या माणसाकडे एकच गोष्ट चालती-फिरती उरली होती, आणि मी तिच्यावर कौल ठेवलं होतं.

काकाकडे धावले. त्याचं काचेचं कौल तर त्याने त्याच दिवशी मागच्या आळीत देऊन टाकलं होतं. आता मिळणार कुठून? घरी येऊन बसले तर समोर माझा आरसा. मावशीने बांद्र्याहून आणलेला, हातभर लांब, वीतभर रुंद, गावात असा दुसरा नव्हता. मी त्याच्यापुढे किती वेळ घालवायचे यावर आय म्हणायची, "आरशात बघून केळी पिकत नाहीत." मी आरसा चौकटीतून काढला, उलटा केला, पाठीवर थोडं रॉकेल ओतलं आणि सुरीने लाल रंग खरवडायला बसले. रंगाखाली चकाकणारा पारा, तोही राखेने घासला. दोन दिवस लागले. पाऱ्याच्या जागी हळूहळू माझीच बोटं पलीकडून दिसायला लागली. एका कोपऱ्यात लिंबाच्या फोडीएवढा डाग तेवढा काही केल्या सुटेना.

काकाने ती काच हातात घेतली आणि म्हणाला, "लग्नाच्या वयात आरसा छपरावर घालतेस? तोंड कशात बघशील?"

"विहिरीत," मी म्हटलं.

त्याने एक कौल काढलं, काच वरच्या कौलाखाली सरकवली, कडेने डांबर भरलं. मी माजघरात उभी होते. कवडसा पडला तो जात्याच्या अलीकडे, आणि त्याच्या कोपऱ्यात डागाची पुसट सावली. बाने मान वळवली. बराच वेळ तो बघत होता. मग म्हणाला, "हा डाग कसला?"

"तुमच्या लेकीचा आरसा आहे तो," आय म्हणाली.

बाने डागाकडे पुन्हा एकदा बघितलं. आणि मग, "केळीचं आळं बघितलंस का?" असा त्याचा जुना खणखणीत आवाज आला, आणि मी हसत, डोळे पुसत वाडीत पळाले. त्या दिवसापासून हाका पुन्हा सुरू झाल्या, पण एक नवीन हाक वाढली. दुपारी कवडसा खाटेच्या पायाशी आला की बा म्हणायचा, "आता तू बस जरा." मी जाऊन खाटेशी बसायचे. आम्ही दोघं बाप-लेक तो उजेड सरकताना बघत बसायचो. सरकताना तो कधी दिसायचा नाही, सरकलेला मात्र दिसायचा.

पुढच्या नाताळानंतर माझं लग्न ठरलं, आगाशीकडच्या घरात. काकाचा मोठा मुलगा वाडी बघायला येऊन राहिला. लग्नाची मिस्सा, म्हणजे देवळातली प्रार्थना, सकाळची. बाला देवळात नेणं शक्य नव्हतं, म्हणून त्याचा निरोप घरीच घ्यायचा होता. आदल्या दिवशी त्यानेच सगळ्यांना बजावलं, "कवडसा पेटीच्या कडीवर आला की गाडी हलली पायजे. फादर थांबत नसतात कुनासाठी. उशीर मला चालनार नाय."

सकाळी आयने माझे केस विंचरले. आरसा नव्हता, आयच म्हणाली, "छान दिसतेस." तांबडं लुगडं नेसून मी माजघरात आले, खाटेशी गुडघे टेकले आणि बाचा हात कपाळाला लावला. बाहेर बैलांच्या घुंगरांचा आवाज येत होता. बाने माझ्या डोक्यावर हात ठेवला, आशीर्वाद दिला. तो हात त्याने काढला नाही.

काकाने दारातून डोकावून पाहिलं. कवडसा पेटीवरून केव्हाच उतरला होता. जमिनीवरून सरकत तो माझ्या लुगड्यावर आला होता, आणि कोपऱ्यातला तो डाग माझ्या मांडीवर पडला होता. बाने खाली बघितलं. दुसऱ्या हाताचं बोट त्या डागावर ठेवलं.

"अवो, वेळ झाली," आय हळूच म्हणाली.

"कुठं झाली?" बा म्हणाला. "कडीवरच आहे अजून. बसू दे तिला."

आय तिथेच टेकली. काकाही दारातून मागे फिरला. ज्या माणसाने कवडशाचं बोटभर सरकणं कधी चुकवलं नव्हतं, त्याला खोटं पाडणारं त्या घरात कुणी नव्हतं. मी बसून राहिले.

देवळात आम्ही उशिरा पोचलो. फादर रागावले, उशीर का झाला म्हणून विचारलं. मी म्हटलं, "घरचं घड्याळ मागे होतं, फादर." आमच्या घरी घड्याळ नाही हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. त्यांनी पुस्तक उघडलं आणि मिस्सा सुरू केली.