पासवर्ड कुणी कुणाला सांगायचा

माझे सासरे फौजेतून घरी आले ते पहाऱ्याची सवय घेऊनच. आमच्या कराडजवळच्या गावात त्यांनी हटकल्याशिवाय मांजरसुद्धा अंगणात येत नाही. अशा माणसाने एका जुन्या सोबत्याच्या नादाने क्रिप्टो घेतलं. कारण मात्र गोड होतं. नोकरीत त्यांनी लडाख पाहिलं, सासूबाईंनी फक्त तिथल्या थंडीच्या गप्पा ऐकल्या. आता त्यांना विमानाने तिकडे न्यायचं आणि तोवर पत्ता लागू द्यायचा नाही, असा मामंजींचा बेत होता.

एका रविवारी मी सांगलीहून आले, तर मामंजी मोबाइल घेऊन दारातच उभे. ज्या एक्स्चेंजवर त्यांनी क्रिप्टो घेतलं होतं, तिथून ग्राहकांची नावं, पत्ते, फोन नंबर चोरीला गेले होते. पासवर्ड बदला, असा मेल आला होता. मी मेलमधल्या लिंकला हात न लावता सरळ ॲप उघडलं.

"मामंजी, जुना पासवर्ड कुणाकुणाला ठाऊक आहे?"

"आपल्या बाजूच्या समद्यास्नी."

आपली बाजू म्हणजे माझा नवरा, दोन्ही दीर, किराणावाला आणि दूधवाला. फौजेत म्हणे पासवर्ड असाच असतो. अंधारात येणाऱ्याला हटकायचं, त्याने ठरलेला शब्द सांगितला की तो आपला. आपल्याच माणसांना शब्द ठाऊक नसला तर ती बिचारी गोळी खायची. मी कपाळाला हात लावला. तोच पासवर्ड ईमेललाही होता.

तेवढ्यात फोन वाजला. मामंजींनी तो माझ्या हातून घेऊन स्पीकरवर टाकला. पलीकडचा माणूस फार गोड बोलत होता. मामंजींचं नाव, पत्ता, सगळं बरोबर सांगून म्हणाला, खातं वाचवायचं असेल तर आत्ता आलेला कोड सांगा. मी फोन घ्यायला धावले. मामंजी ताठ उभे राहिले होते.

"यणारा तू. पहाऱ्यावर आमी. शब्द तू सांगायचा."

त्याने पुन्हा समजावलं. मामंजी म्हणाले, "आदी शब्द सांग." शेवटी त्यानेच फोन ठेवला. मला हसू आवरेना. जो गैरसमज मी निस्तरत बसले होते, त्यानेच लडाख वाचवलं होतं.

मग मी दोन्हीकडे वेगवेगळे पासवर्ड घातले, वर कोडचं वेगळं ॲपही जोडून दिलं. "आता बाजूबिजू काही नाही. कुणालाही सांगायचं नाही," असं चांगलं दटावलं.

स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात सासूबाई लसूण सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "आवं, दूधवाल्याला ठावं, अन् मला न्हाई? मी कुठल्या बाजूची म्हनायची?"

मला एकदम वाईट वाटलं. मामंजी सरहद्दीवर असताना या घराचा पहारा सासूबाईंनीच तर दिला होता. मामंजींनी माझ्याकडे चोरून पाहिलं, मग उंबऱ्यापाशी बसले आणि त्यांच्या कानाशी वाकले.

मी आत गेले आणि मिक्सर लावला.