खंडेरावाला आवतण

धर्मांचा तौलनिक अभ्यास तेजल वरठाने नवव्या वर्षीच उरकला होता. वाणगावच्या पूर्वेला टेकडीखाली तिचा पाडा, आणि त्या एका वर्षात पाड्यावर तीन धर्म येऊन गेले. पहिल्यांनी चादरी वाटल्या आणि तुम्ही मूळचे आमचेच म्हणून सांगितलं. दुसऱ्यांनी स्टीलचे डबे वाटले आणि तेच सांगितलं. तिसऱ्यांनी नुसती पुस्तकं दिली, तीही वाचता न येणाऱ्या माणसांना, आणि वर दोन तासांचं भाषण. पाड्याने चादरी पांघरल्या, डब्यांत भात भरला, पुस्तकं उंदरांनी संपवली, आणि वाघबारशीला वाघ्या देवापुढे नेहमीसारखा कोंबडा कापला गेला. चादर ऊबदार पण डबा जास्त टिकाऊ, असा तेजलचा त्या वेळचा निष्कर्ष होता.

आता ती सत्तावीस वर्षांची. बी.एस्सी. करून कुंभवलीजवळच्या रंगांच्या कारखान्यात लॅबमध्ये लागलेली. आठ तास नमुने तपासायचे, निळा पुरेसा निळा आहे का ते सांगायचं. तरी तिने पत्राद्वारे एम.ए.ला नाव घातलं, आणि विषय घेतला जगातले धर्म. सुपरवायझरने विचारलं, इसमें नौकरी क्या मिलेगी? आई नवसीने विचारलं, आता तू भगत होणार का?  खरं कारण एवढंसंच होतं. शाळेपासून प्रत्येक फॉर्मवर धर्माचा रकाना असायचा, आणि समोरचा कारकून तिला न विचारताच तिथे काहीतरी खरडून मोकळा व्हायचा. दर वेळी तिच्या डोक्यात तिडीक जायची. निदान एकदा तरी तो रकाना तिला स्वतः, विचार करून भरायचा होता.

पुस्तक आलं चारशे बारा पानांचं. तिच्या माणसांना त्यात अर्धं पान होतं, ‘आदिम’ या मथळ्याखाली, तेही चित्रासकट. तेजलने ते अर्धं पान आतेला वाचून दाखवलं. आते म्हणजे ठकी, बापाची थोरली बहीण आणि पाड्याची धवलेरी. वारल्यांचं लग्न भटजी लावत नाही, बाई लावते. तीच धवलेरी. ठकीने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं की हे लिहिणाऱ्याला जेवायला कोणी घातलं नव्हतं का.

अभ्यासवर्ग रविवारी पालघरला असायचा, अकरा ते चार. शिकवायला खंडेराव सर. माणूस देशावरचा, जाड चष्म्याचा, हुशार आणि भलताच तापट. जगातल्या यच्चयावत देवांना ते एकच प्रश्न विचारायचे, “पुरावा?” तेजलने प्रकल्पासाठी पाड्याचाच धर्म घेते म्हटल्यावर त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि संस्थापक कोण, ग्रंथ कोणता, असं विचारलं. ग्रंथ नसेल तर तो धर्म नव्हे, लोकाचार; आणि लोकाचारावरचा प्रकल्प या अभ्यासक्रमात बसत नाही, ते म्हणाले. मुदत पंधरा जूनची. प्रकल्प नाकारला तर वर्ष फुकट, आणि कारखान्याने रविवारची सुट्टी मोठ्या मिनतवारीने एकाच वर्षापुरती दिलेली. म्हणजे एम.ए. गेलंच म्हणायचं. तेजल घाईघाईने म्हणाली की ग्रंथ आहे, फक्त तो धवलेरीच्या तोंडात आहे.

“मग लिहून आणा,” सर म्हणाले. “शब्दन् शब्द. एक अक्षर इकडचं तिकडे झालेलं चालणार नाही मला.”

ठकीने साफ नकार दिला. लग्नाचं गाणं लग्नातच गायचं. गाण्यात देवांना नाव घेऊन आवतण असतं. ते येऊन बसणार आणि विचारणार, नवरानवरी कुठे हायेत? तेव्हा काय, तुझा मोबाईल दाखवू त्यांना? तेजलने विनवण्या केल्या, रुसून पाहिलं. आते हलली नाही. शेवटी तिनेच तोडगा सांगितला. घरात एक लगीन बाकी होतं ना, नवसी आणि दामूचं.

त्यात पाड्याला हसण्यासारखं काही नव्हतं. माणूस आवडलं की एकत्र राहायचं, लग्न सवडीने लावायचं, ही रीत जुनीच. फक्त तेजलच्या आईबापाला सवड मिळाली नव्हती ती एकोणतीस वर्षं. दिवाळी सरली की दोघं वसईकडच्या वीटभट्टीवर जायची ती मे संपता संपता परतायची, आणि लग्नसराई नेमकी त्याच्या मधल्या मध्ये येऊन जायची. दामूला त्याचं काही नव्हतं. नवसीला मात्र होतं. नात्यातल्या एखाद्या लग्नाला ती भट्टीवरून दोन दिवस यायची, तिथे सवाशिणी भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक, म्हणजे लग्नाचं चित्र, लिहायच्या, तेव्हा लग्न न लागलेली म्हणून तिला पिठाला हात लावता यायचा नाही. ती आपली दारात बसून भाजी निवडायची. हे तिने लेकीला कधी सांगितलं नव्हतं. या वर्षी भट्टी लवकर बंद पडली, घरात लग्नाचं निघालं, तेव्हा चुलीपुढे बसून ती एकदाच बोलली आणि पुढचा अर्धा तास नाक ओढत राहिली. तेजलला स्वतःची लाज वाटली. आपण आईचं लग्न लावायला निघालो ते प्रकल्पासाठी, हे तिला चांगलंच बोचलं.

त्या महिनाभर घरात लग्न आणि खंडेराव सोडून दुसरा विषय नव्हता. कारखान्यातली मैत्रीण स्नेहा याच वर्गाला होती. ती पाड्यावर यायची आणि दोघी ओटीवर बसून बोलायच्या. आता विद्यार्थी मास्तरांच्या पाठीमागे ‘सर’ म्हणतात का कधी? खंडेरावाचं काही खरं नाही. खंडेराव पुराव्याशिवाय प्रसन्न होत नाही. पंधरा जून चुकली तर खंडेराव कोपणार आणि वर्ष घालवणार. ठकी शेजारी तांदूळ पाखडत असायची आणि मध्ये एक शब्द बोलायची नाही. एकदाच तिने विचारलं, हा खंडेराव कोंबडं घेतो का? स्नेहा हसत म्हणाली, घेतो असं ऐकलंय.

लग्न झालं. सेहेचाळीस वर्षांची नवरी इतकी लाजत होती की हळद लावणाऱ्या पोरींना तिची हनुवटी धरून वर करावी लागली. समोरचे दोन दात पडलेला नवरा तोंड मिटून हसत होता. सकाळपासून भिंतीवर चौक लिहिला जात होता आणि ठकी गात होती. तेजल मोबाईल धरून बसली होती, पण तिचं निम्मं लक्ष आईकडे. लग्न लागल्यावर ठकीने पिठाची वाटी नवसीपुढे सरकवली, आणि चौकाच्या कडेची शेवटची रेघ नवसीने ओढली. ती वाकडी गेली. कोणी ती सुधारली नाही, आणि तेजल भरल्या मांडवात हमसून हमसून रडली.

रेकॉर्डिंग लिहून काढायला ती चार दिवसांनी बसली. देवांना आवतण चाललेलं. हिरवा देव या, हिमाय या, नारनदेव या, कणसरी माय या. आणि मग स्पष्ट, खणखणीत आवाजात: पालघरचा खंडेराव या, तुला कोंबडा देतो, तुला ताडी देतो, आमची पोर तुझ्या पदरात.

तेजलने ते तीनदा ऐकलं. पहिल्यांदा हसली, दुसऱ्यांदा तिला घाम फुटला. ओळ गाळावी तर अक्षर इकडचं तिकडे होतं. ठेवावी तर सर स्वतःचं नाव देवांच्या रांगेत वाचणार. ती दोन दिवस जेवली नाही धड. शेवटी तिने ओळ ठेवली आणि मुदतीत प्रकल्प पाठवून दिला. ग्रंथात खाडाखोड करणारे कोण कोण होऊन गेले ते तिने चारशे बारा पानांत वाचलं होतं, आणि त्यांच्यात तिला जायचं नव्हतं.

आठ दिवसांनी सरांचा फोन आला तो आनंदाने फुटलेल्या आवाजात. सतराव्या पानावर खंडेराव! देशावरच्या घोडेस्वार देवाचा उल्लेख वारली लग्नगीतात! या भागातला हा पहिलाच पुरावा ते पाहत होते. यावर निबंध लिहायचा, परिषदेत वाचायचा, गायिकेची मुलाखत घ्यायची. सर, त्याचं असं झालं की, एवढं तेजल चारदा म्हणाली. पण मास्तर माणूस बोलायला लागल्यावर विद्यार्थ्याचं कोण ऐकतं?

पुढच्याच रविवारी वर्ग रद्द करून सर पाड्यावर हजर. हातात वही, गळ्यात कॅमेरा, कपाळावर चष्मा. ठकीने पाहुणा म्हणून ताडीचा पेला पुढे केला. सरांनी क्षेत्रकार्याचा भाग म्हणून तो घेतला आणि दुसरा आवडला म्हणून. मग त्यांनी विचारलं, हा खंडेराव घोड्यावर बसतो ना?

“नाय,” ठकी म्हणाली. “खुर्चीवर. पालगरला. फक्त आयतवारी, अकरा ते चार. चश्मा हाय त्याला. पुरावा मागतो आनि लगेच कोपतो.”

सरांचं पेन थांबलं. त्यांनी तेजलकडे पाहिलं. तेजलने जमिनीकडे पाहिलं आणि झालं तसं सगळं सांगून टाकलं, स्नेहाच्या कोंबड्यासकट. गेलं आपलं एम.ए., तिने मनात म्हटलं. सरांनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला आणि पेला खाली ठेवला. निबंध गेला, परिषद गेली. पण खोटं बोलायचा स्वभाव नव्हता त्यांचा. लेखी ग्रंथांतही देव असेच शिरले असणार, फक्त तिथे आते विचारायला जिवंत नसते, असं काहीतरी ते स्वतःशीच पुटपुटले. मग त्यांनी पिशवीतून प्रकल्प काढला, विषयापुढे त्यांनीच लिहिलेलं ‘लोकाचार’ खोडून ‘धर्म’ लिहिलं, ‘ग्रंथ: मौखिक, चालू’ असा शेरा मारला आणि खाली सही केली.

ते गेल्यावर तेजलने आतेला विचारलं, की झाली ती चूक झाली, आता पुढच्या लग्नांतून ते नाव काढून टाकणार ना?

ठकी पेले विसळत होती. “कशाला काढू? राहू दे,” ती म्हणाली. “येवढी वर्सं सगल्यांना बोलवतेय. बोलवल्यावर चालत आला तो हा पयलाच.”